चाचणीपूर्वींचा हिशेब

घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे यजमान प्रथम आचाऱ्याला बोलावितो आणि पानांचा आंकडा सांगतो. पानें दोनशें कीं पांचशें, यावरून तांदूळ किती, तूप किती, चुली किती आणि त्या पहाटे कितीला पेटवावयाच्या, हें तो आचारी बसल्या बैठकीला सांगतो. त्याच्या या सांगण्यास आपण अदमास म्हणतों. अदमास चुकला तर शेवटची पंगत उपाशी राहते, किंवा उरलेलें अन्न कोठें पोंचवावें हा प्रश्न पडतो.

आजच्या भाषणाचा विषय हाच अदमास आहे, परंतु तो संगणकाच्या कामांतला. बँकेंतील खातीं, आगगाडीचीं तिकिटें, विजेचीं बिलें हीं ज्या आज्ञावलींवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, चालतात त्या आज्ञावली लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं तपासाव्या लागतात. ही तपासणी पुष्कळदां दुसरी एक आज्ञावलीच करते. ती हजारों प्रश्न घालते, आलेलीं उत्तरें ताडून पाहते आणि चुकांची यादी पुढें ठेवते. हिलाच स्वयंचलित चाचणी म्हणतात. ती सुरू करण्याआधीं तिला किती वेळ लागेल, किती स्मृति आणि किती यंत्रें लागतील, याचा हिशेब करावा लागतो. हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु कोणती चाचणी करणें शक्य आहे, कोणती अशक्य आहे, आणि म्हणून कोणता भाग न तपासतां राहणार आहे, हें सर्वांत आधीं या हिशेबानेंच कळतें. या हिशेबाचा इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

तपासावयाचे प्रकार मोजणें ही या हिशेबाची पहिली पायरी, आणि ती आपल्या देशास नवी नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत अंकपाश नांवाचें एक प्रकरण आहे. त्यांत असा प्रश्न आहे कीं, शंभूच्या दहा हातांत दहा आयुधें किती निरनिराळ्या प्रकारांनीं देतां येतील, आणि हरीच्या चार हातांत चार आयुधें किती प्रकारांनीं? हरीचें उत्तर २४ येतें. शंभूचें उत्तर ३६,२८,८०० येतें. हात चारांचे दहा झाले, म्हणजे अवघे अडीचपट, आणि प्रकार दीड लाख पटींहून अधिक वाढले.

आतां एखाद्या आज्ञावलींत दहा कामें कोणत्याहि क्रमानें करतां येतात, आणि प्रत्येक क्रम एकदां तपासावयाचा आहे, असें समजा. एका क्रमास एक सेकंद धरला तर ३६,२८,८०० सेकंद लागतील. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागून पाहावें म्हणजे बरोबर ४२ दिवस, सहा आठवडे, येतात. सहा आठवडे थांबणें जड आहे, पण अशक्य नाहीं. त्याच आज्ञावलींत आणखी दोनच कामें घातलीं तर क्रमांची संख्या ४७,९०,०१,६०० होते आणि चाचणीस पंधरा वर्षांहून अधिक काळ लागतो. दहा आणि बारा या आंकड्यांत वाचतांना फारसें अंतर दिसत नाहीं. हिशेब केल्यावांचून तें दिसणारहि नाहीं.

यंत्राच्या बाबतींत वेळेचा असा विचार यंत्र निर्माण होण्यापूर्वींच सुरू झाला. इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यांनीं वैश्लेषिक यंत्राची कल्पना मांडली होती. इटलीचे लुइजी मेनाब्रेआ यांनीं १८४२ सालीं फ्रेंच भाषेंत तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. वीस वीस अंकांच्या दोन संख्यांचा गुणाकार आपलें यंत्र तीन मिनिटांत करील, असा बॅबेज यांचा अदमास त्यांत नोंदलेला आहे. त्या लेखाचें इंग्रजी भाषांतर एडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ सालीं केलें आणि त्यास मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या. एकच गणित अनेक रीतींनीं मांडतां येतें, आणि ज्या मांडणींत वेळ कमींत कमी लागेल ती निवडणें हें मोठें काम आहे, असें त्या टिपांत तिनें सांगितलें. पुढें १८६४ च्या आत्मचरित्रांत बॅबेज यांनींहि असेंच भाकीत केलें कीं, हें यंत्र अस्तित्वांत आल्यावर प्रत्येक गणिताविषयीं लोक प्रथम हेंच विचारतील कीं, कोणत्या रीतीनें तें सर्वांत लवकर सुटेल. यंत्र मात्र त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं.

त्यानंतर कित्येक दशकें मोठीं गणितें माणसेंच करीत राहिलीं. ‘कॉम्प्युटर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच त्या काळीं गणित करणारा मनुष्य असा होता. या काळांतील सर्वांत धाडसी अदमास लुई फ्राय रिचर्डसन या शास्त्रज्ञाचा होय. हवामानाचें भविष्य गणितानें काढावें हा त्यांचा विचार. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें रुग्णवाहिका चालवीत असतां त्यांनीं २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन मध्य युरोपांतील हवेंत सहा तासांत काय फरक पडावा, याचें गणित केलें. तक्ते आंखण्यास व आंकडेमोड करण्यास सहा आठवड्यांचा बहुतेक भाग लागला. उत्तर आलें तें असें कीं, सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार वाढावा. प्रत्यक्षांत दाब जवळजवळ स्थिर होता.

उत्तर चुकलें, तरी त्यांनीं हिशेब सोडला नाहीं. १९२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांनीं असें मांडलें कीं, सबंध पृथ्वीचे २,००० भाग कल्पावे आणि प्रत्येक भागामागें ३२ माणसें गणितास बसवावीं. म्हणजे ६४,००० माणसें एकसारखीं राबलीं तर गणित हवेच्या बरोबरीनें चालेल. ही कल्पना ऐकून हंसूं येईल. परंतु तिच्यांत एक कठोर सत्य आहे: उद्यांचें हवामान परवां सांगणारें गणित बिनचूक असूनहि निरुपयोगी आहे. किती माणसें लागतील हें समजल्यामुळेंच, अशा गणितास वेगवान यंत्र आल्यावांचून गति नाहीं, हेंहि समजलें. तें यंत्र आलें. १९५० सालीं अमेरिकेंत एनिॲक या यंत्रावर जूल चार्नी, रॅग्नार फ्यूर्टॉफ्ट व जॉन फॉन नॉयमन यांनीं चोवीस तासांचें भविष्य काढलें, आणि त्या गणितास वेळहि सुमारें चोवीस तासच लागला. गणित नुकतें कोठें हवेच्या पायरीला आलें होतें. रिचर्डसन तेव्हां हयात होते. त्यांना हें वृत्त कळलें आणि त्यांनीं त्याचें कौतुक केलें.

याच सुमारास इंग्लंडांत जी एक चाचणी झाली, ती आपल्या विषयाच्या अगदीं गाभ्याची आहे. मँचेस्टर विद्यापीठांत फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनीं एक लहानसें यंत्र बांधलें होतें. त्याला पुढें ‘बेबी’ हें नांव पडलें. त्याच्या स्मृतींत ३२ ओळी आणि प्रत्येक ओळींत शून्य किंवा एक असे ३२ अंक मावत. सारी स्मृति १,०२४ अंकांची. हे अंक कॅथोड किरणांच्या नळीच्या पडद्यावर विजेच्या ठिपक्यांच्या रूपानें ठेवलेले असत. ते ठिपके न पुसतां, न बदलतां, काम संपेपर्यंत टिकून राहतात काय, हा खरा प्रश्न होता. कारण यंत्र बांधलें तें मुख्यतः ही नवी स्मृति पारखून पाहण्याकरितांच.

२१ जून १९४८ रोजीं या यंत्रावर किलबर्न यांची आज्ञावली यशस्वी रीतीनें चालली. स्मृतींत ठेवलेल्या आज्ञावलीवर यंत्र चालल्याचा हा जगांतील पहिला प्रसंग होय. आज्ञा अवघ्या १७ होत्या. प्रश्न असा कीं, दोनाचा अठरावा घात, म्हणजे २,६२,१४४, या संख्येस निःशेष भागणारी, तिच्याहून लहान अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? प्राथमिक शाळेंतला मुलगाहि सांगेल कीं तिची निमपट, १,३१,०७२. मग इतका सोपा प्रश्न कां निवडला असेल?

कारण यंत्रानें तो सोपेपणानें सोडवावयाचा नव्हता. यंत्रास भागाकार येत नव्हता. वजाबाकी येत होती. २,६२,१४३ पासून एकेक संख्या खालीं उतरत जावयाचें, आणि प्रत्येक संख्या मूळ संख्येंतून पुनःपुन्हा वजा करून बाकी उरते कीं नाहीं तें पाहावयाचें, अशी आज्ञा होती. उत्तरापर्यंत पोंचण्यास किती संख्या तपासाव्या लागतील, हें कागदावर काढतां येतें: त्या १,३१,०७२ होतात. प्रत्येकीस सरासरी सुमारें २७ क्रिया धरल्या तर एकूण क्रिया सुमारें ३५ लक्ष भरतात. यंत्र सेकंदास सुमारें १,१०० क्रिया करी. भागाकार करून पाहा. पन्नास मिनिटांच्या थोडें वर उत्तर येतें. यंत्रास प्रत्यक्ष ५२ मिनिटें लागलीं, आणि उत्तर बरोबर आलें.

या चाचणीची योजना नीट पाहावी. उत्तर आधींच ठाऊक होतें, म्हणून खरेंखोटें ठरविण्यास पंडित लागला नाहीं. जागा किती लागणार हें ठाऊक होतें, म्हणून १७ ओळींत काम बसविलें गेलें. आणि वेळ मुद्दाम लांबविला होता, कारण पडद्यावरचे ठिपके दीर्घ काळ टिकतात हेंच दाखवावयाचें होतें. काम दोन मिनिटांत संपलें असतें तर उत्तर बरोबर येऊनहि स्मृतीची परीक्षा झाली नसती. आणखी एक गोष्ट. पन्नासएक मिनिटांचा हिशेब हातीं असतां यंत्र पांचच मिनिटांत थांबलें असतें, तर समोर १,३१,०७२ हा आंकडा दिसत असूनहि शहाण्या माणसानें त्यावर विश्वास ठेवला नसता. दोन तास उलटूनहि तें थांबलें नसतें, तर कोठें तरी बिघाड आहे हें उघड झालें असतें. आधीं केलेला अदमास ही उत्तराच्या जोडीची दुसरी साक्ष असते, आणि कित्येकदां चूक पकडते ती हीच साक्ष.

पुढच्याच वर्षीं, ६ मे १९४९ रोजीं, केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यांच्या एड्सॅक यंत्रानें ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचा तक्ता छापला. त्यास २ मिनिटें ३५ सेकंद लागल्याची नोंद आहे. यंत्र चालूं लागल्यावर थोड्याच दिवसांत विल्क्स यांच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार आहे. त्याच वर्षीं जूनमध्यें केंब्रिज येथें भरलेल्या परिषदेंत ॲलन ट्यूरिंग यांनीं मोठी आज्ञावली कशी तपासावी यावर एक छोटें भाषण केलें. उदाहरण म्हणून त्यांनीं घेतलें होतें क्रमगुणित. भास्कराचार्यांच्या शंभूचें उत्तर ज्या गणितानें निघतें, तेंच गणित. उत्तर बरोबर आहे एवढेंच सांगून भागत नाहीं, आज्ञावली थांबते हेंहि दाखविलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्याकरितां त्यांनीं एक युक्ति सांगितली. प्रत्येक पायरीस कमी कमी होत जाणारी आणि काम संपतांना संपणारी अशी एखादी राशि दाखवून द्यावी. ती कमी होत आहे एवढें पाहिलें म्हणजे शेवट ठरलेला आहे हें सिद्ध होतें.

हा आग्रह ट्यूरिंग यांनींच धरावा, यांत विशेष आहे. कारण कोणतीहि आज्ञावली पुढें ठेवली असतां ती थांबेल कीं नाहीं हें नेमकें सांगणारी सर्वसाधारण रीत असूं शकत नाहीं, हा सिद्धांत त्यांच्याच १९३६ च्या निबंधांतून निघतो. म्हणजे सर्व आज्ञावलींना लागू पडेल असा अदमासाचा रामबाण उपाय जगांत नाहीं. प्रत्येक कामाचा हिशेब त्या कामाकडे पाहूनच करावा लागतो, आणि जेथें हिशेब पोंचत नाहीं तेथें मर्यादा घालून ठेवावी लागते.

ही मर्यादा व्यवहारांत लवकरच आली. यंत्रें महाग, आणि त्यांवर काम करणारे पुष्कळ. मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक हें देशांतच घडविलेलें यंत्र रीतसर सुरू झालें. त्याच्या स्मृतींत २,०४८ शब्दांची जागा होती. मँचेस्टरच्या ३२ ओळींच्या मानानें ही चैनच, तरी आजच्या खिशांतल्या टेलिफोनच्या मानानें ती नगण्य. अशा काळांत यंत्राचा प्रत्येक मिनिट कोणाचा तरी वांटा असे. आय. बी. एम. कंपनीनें १९६४ सालीं जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या यंत्रमालिकेंत तर प्रत्येक कामाच्या आरंभींच्या पत्रकावर वेळ आणि स्मृतींतील जागा लिहून देण्याची सोय होती. लिहिलेला वेळ ओलांडला कीं काम अर्ध्यावर बंद होई. वेळेच्या जागीं १,४४० हा आंकडा लिहिला तर मर्यादा नाहीं असा अर्थ घेतला जाई. चोवीस तासांचीं मिनिटें तितकींच. कमी लिहावें तर काम तुटे, फार लिहावें तर अडकून पडलेलें काम दुसऱ्यांचा वेळ खाई. अदमास करण्याची शिस्त लोकांस अशी लागली.

याच मालिकेच्या कार्यप्रणालीचें काम पाहणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालीं आपला अनुभव ग्रंथरूपानें मांडला. एकूण काळाचा एक तृतीयांश योजनेस, एक षष्ठांश प्रत्यक्ष लेखनास, आणि उरलेला अर्धा चाचणीस द्यावा, असें त्यांचें प्रमाण होतें. चाचणीस इतका वेळ लागेल हें आधीं मोजलें नाहीं, तर उशिराची बातमी अगदीं शेवटीं, माल देण्याच्या सुमारास कळते, हें त्यांनीं बजावून सांगितलें.

पण वेळ आणि यंत्रें मनमुराद मिळालीं, तर तरी सर्व कांहीं तपासतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर हॉलंडचे एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनीं १९७० च्या सुमारास एका साध्या गुणाकारानें दिलें. यंत्र २७ द्विमान अंकांच्या दोन संख्यांचा गुणाकार करतें. तो सर्व संख्यांकरितां बरोबर येतो कीं नाहीं हें पाहावयाचें आहे. अशा जोड्या दोनाच्या चौपन्नाव्या घाताइतक्या होतात. एका गुणाकारास त्या काळच्या यंत्रावर सेकंदाचे कांहीं लाखांश लागत. सर्व जोड्या तपासण्यास दहा हजारांहून अधिक वर्षें हवींत. यावरून त्यांनीं काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: चाचणीनें चुका आहेत हें दाखवितां येतें, चुका नाहींत हें दाखवितां येत नाहीं. हा निष्कर्ष निघाला तो एका यंत्रास हात न लावतां, केवळ चाचणीपूर्वींच्या हिशेबांतून.

असें असतांहि हिशेबाच्या मुळाशीं धरलेलें गृहीत चुकीचें असलें तर काय होतें, तें १९९४ सालीं दिसलें. अमेरिकेंतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेल कंपनीच्या पेंटियम या गणकचकतींत भागाकाराची चूक आढळली. भागाकाराकरितां तींत एक कोष्टक होतें. त्याच्या १,०६६ घरांत आंकडे असावयाचे, त्यांतील पांच घरें रिकामीं राहिलीं होतीं. कंपनीनें सांगितलें कीं, साधारण माणूस दिवसास सुमारें एक हजार भागाकार करतो. त्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदां भेटेल. आय. बी. एम. नें दिवसाचे ४२ लक्ष भागाकार धरले, चुकीचा संभवहि अधिक मानला, आणि २४ दिवसांतून एकदां असें उत्तर काढलें. चकती एकच, चूक तीच. गृहीतें बदलतांच वर्षांचे दिवस झाले. शेवटीं डिसेंबरांत कंपनीनें चकत्या बदलून देण्याचें मान्य केलें, आणि त्यापायीं ४७ कोटि ५० लाख डॉलरांचा बोजा आपल्या हिशेबांत धरला. अदमास सांगणाऱ्यानें आंकड्याबरोबर आपलें गृहीतहि सांगितलें पाहिजे, हा धडा फार महागांत पडला.

आज स्वयंचलित चाचणीची तयारी करणारे लोक हेंच सारें लहान प्रमाणावर रोज करतात. प्रथम थोड्या नोंदींवर चाचणी चालवून वेळ व स्मृति मोजतात. मग नोंदी दुप्पट, चौपट करून पाहतात. नोंदी दुप्पट झाल्यावर वेळ दुप्पट होतो कीं चौपट, हें पाहणें मोलाचें. एक हजार नोंदींस दोन सेकंद लागले, आणि वेळ नोंदींच्या प्रमाणांत वाढत असला, तर दहा लक्ष नोंदींस सुमारें तेहतीस मिनिटें पुरतात. तोच वेळ वर्गाच्या प्रमाणांत वाढत असला तर तेवीस दिवस लागतात. एकाऐवजीं अनेक यंत्रें लावून घाई करावी म्हटलें, तर तिलाहि सीमा आहे, ही गोष्ट जीन ॲमडाल यांनीं १९६७ सालीं दाखविली. शंभर मिनिटांच्या कामांतील दहा मिनिटें वांटून घेतां येण्यासारखीं नसलीं, तर दहा यंत्रें लावून काम एकोणीस मिनिटांवर येतें, दहांवर येत नाहीं; आणि यंत्रें कितीहि वाढविलीं तरी दहा मिनिटांच्या खालीं तें जाणार नाहीं.

इतका हिशेब झाल्यावर निवड करावी लागते. सर्व तपासणें शक्य नसेल, तर पैशाचा व्यवहार, औषधाची मात्रा, गाडीचा सिग्नल अशा ज्या जागीं चूक माणसाच्या जिवावर किंवा संसारावर बेतेल, त्या आधीं घ्याव्या लागतात, आणि राहिलेल्या जागा कोणत्या हें लिहून ठेवावें लागतें. न तपासलेला भाग ठाऊक असणें आणि तो आहे याचीच जाणीव नसणें, यांत फार अंतर आहे.

श्रोतेहो, एखादें नवें यंत्र किंवा नवी आज्ञावली ‘पूर्णपणें तपासलेली आहे’ असें आपणांस कोणी सांगितलें, तर गणित न शिकलेल्या माणसालाहि तीन प्रश्न विचारतां येतील. संपूर्ण तपासणीस किती वेळ लागला असता? आपण प्रत्यक्ष किती वेळ दिला? आणि दोहोंमधील अंतरांत काय काय राहून गेलें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं तयार आहेत, त्यानें चाचणीपूर्वीं हिशेब केलेला आहे असें समजावें. ज्याच्यापाशीं तीं नाहींत, त्याच्या चाचणीवर किती भिस्त ठेवावयाची, तें आपलें आपण ठरवावें.